तबकडीचा मुलूख

पुण्यास विकत घेतलेलें पुस्तक लंडनास नेलें म्हणून तें तेथें उघडेनासें झालें, असें आजवर कोणीं ऐकलेलें नाहीं. सोलापुरी चादर सोलापुरांत जेवढी ऊब देते तेवढीच ती शिकागोच्या थंडींतहि देते. ग्रामोफोनची तबकडी कोणत्याहि गांवीं घडविलेली असो, सुईखालीं ठेवली कीं ती गाऊं लागते. ऐकणारा कोणत्या देशाचा रहिवासी आहे याची चौकशी ती करीत नाहीं. वस्तु एकदां मोल देऊन घेतली कीं ती घेणाराची झाली, हा बाजाराचा जुना नियम. आणि तो इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं त्यास अपवाद असूं शकेल हें सहसा मनांतहि येत नाहीं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मात्र बाजारांत अशी एक वस्तु आली, कीं जी घेणारास प्रथम विचारते, "तूं कोणत्या मुलखांतला?" आणि उत्तर मनासारखें आलें नाहीं तर मुकी होऊन बसते. ती वस्तु म्हणजे चित्रपटाची तबकडी, जी जगभर डी.व्ही.डी. या नांवानें ओळखली जाते. ही चौकशी कशी होते, कोणाच्या सांगण्यावरून होते आणि तिच्यापायीं घेणाराच्या हातीं काय उरतें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

या नियमाचा हात किती लांब आहे याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००९ सालच्या मार्च महिन्यांत ब्रिटनचे तेव्हांचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन अमेरिकेस गेले असतां अध्यक्ष बराक ओबामा यांनीं त्यांस २५ नामांकित अमेरिकन चित्रपटांच्या तबकड्या भेटीदाखल दिल्या. त्या तबकड्या अमेरिकेच्या मुलखापुरत्याच असून इंग्लंडांतील यंत्रावर चालत नाहींत, अशी बातमी पुढें ब्रिटिश वृत्तपत्रांनीं छापली, व तीवर पुष्कळ विनोदहि झाले. विनोदाचा भाग सोडला तरी, ज्या नियमापुढें एका राष्ट्राध्यक्षाची भेट अडते त्यापुढें सामान्य गृहस्थाचा काय पाड, हा विचार राहतोच.

प्रथम तबकडीचें अंतरंग पाहूं. ती १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या पोटांत मध्यापासून कडेपर्यंत वाटोळी फिरत गेलेली एक लांबच लांब रेघ असून त्या रेघेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. रेघेच्या लगतच्या दोन वेढ्यांतलें अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि कमी, म्हणजे त्याच्या सुमारें पाऊण हिस्सा. यंत्रांतील तांबड्या लेसर किरणांचा झोत या खळग्यांवरून परावृत्त होतो, आणि त्या प्रकाशांतील फरकावरून यंत्र शून्य व एक या दोनच अंकांची ओळ वाचीत जातें. चित्र, आवाज, पडद्याच्या तळाशीं दिसणारीं भाषांतरांचीं अक्षरें, सर्व कांहीं या दोन अंकांतच सांठविलेलें. एका थराच्या तबकडींत ४ अब्ज ७० कोटि बाइट एवढा मजकूर मावतो. हें सर्व टोकियोंत जसें तसेंच नागपुरांत. तात्पर्य, तबकडीच्या घडणींत असें कांहींहि नाहीं कीं ज्यामुळें ती एका देशांत चालावी आणि दुसऱ्यांत चालूं नये. अडथळा निसर्गाचा नाहीं; तो मनुष्यानें मुद्दाम घातलेला आहे.

मग तो कां घातला? हीं यंत्रें जपानच्या बाजारांत १९९६ च्या नोव्हेंबरांत आणि अमेरिकेंत १९९७ च्या मार्चांत आलीं. त्या काळीं अमेरिकेंतील मोठा चित्रपट सर्व जगांत एकाच दिवशीं लागत नसे. प्रथम तो अमेरिकेंत दाखविला जाई, व कित्येक महिन्यांनीं युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया यांची पाळी येई. फिल्मच्या प्रति काढण्यास खर्च फार. तेव्हां एका देशांतील खेळ संपल्यावर त्याच प्रति दुसऱ्या देशांत धाडणें सोयीचें पडे. अशा स्थितींत अमेरिकेंत घरीं पाहण्याची तबकडी विक्रीस निघाली, आणि ती टपालानें पॅरिसास किंवा सिडनीस पोंचली, तर तेथील चित्रपटगृहांत अजून न लागलेला चित्रपट लोकांनीं घरींच पाहून घ्यावयाचा! दुसरें कारण असें कीं एकाच चित्रपटाचे हक्क निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या व्यापाऱ्यांस विकलेले असत, व एकाचा माल दुसऱ्याच्या पेठेंत शिरूं नये अशी त्यांची अपेक्षा असे. तिसरें कारण किंमतीचें. श्रीमंत देशांत जी तबकडी महाग विकतां येते ती गरीब देशांत स्वस्त विकावी लागते. आणि स्वस्त माल महाग पेठेकडे वाहूं लागणें हा तर पाण्याचाच धर्म. तो प्रवाह अडविण्यासाठीं बांध हवा होता. हा बांध घातल्याखेरीज आपले चित्रपट तबकडीवर द्यावयास हॉलीवुडचे मोठे निर्माते राजी नव्हते.

बांध घातला तो असा. सर्व पृथ्वीचे विभाग पाडण्यांत आले. पहिल्या विभागांत अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा. दुसऱ्यांत पश्चिम युरोप, जपान, मध्यपूर्व आणि दक्षिण आफ्रिका. तिसऱ्यांत दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग व आग्नेय आशिया. चौथ्यांत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको व दक्षिण अमेरिका. पांचव्यांत भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग. सहाव्यांत एकटा चीन. सातवा राखून ठेवलेला, आणि आठवा विमानें व समुद्रप्रवासाच्या आगबोटी यांसाठीं. भूगोलाच्या कोणत्याहि पुस्तकांत मुंबई, मॉस्को आणि नैरोबी हीं एका प्रांतांत सांपडावयाचीं नाहींत; जपान आणि इंग्लंड हींहि शेजारीं बसावयाचीं नाहींत. कारण हा नकाशा नद्या-पर्वतांचा नव्हे, भाषेचा नव्हे, राज्यांचाहि नव्हे. तो केवळ विक्रीच्या सोयीचा आहे.

आतां तबकडी व यंत्र यांचा संवाद कसा चालतो तें पाहूं. चित्रपट सुरू होण्यापूर्वीं यंत्र तबकडीवरील जो आरंभींचा मजकूर वाचतें, त्यांत आठ घरांची एक लहानशी ओळ असते. प्रत्येक विभागास एक घर. मोजणी उजवीकडून डावीकडे. ज्या घरांत एक हा अंक असेल त्या विभागास बंदी. ज्यांत शून्य असेल त्यास मोकळीक. म्हणजे केवळ अमेरिकेसाठीं काढलेल्या तबकडीवर १११११११० असें लिहिलेलें असतें. केवळ पांचव्या विभागाच्या, म्हणजे आपल्याकडच्या, तबकडीवर १११०११११ असें. युरोप व ऑस्ट्रेलिया या दोहोंसाठीं एकच तबकडी काढावयाची तर दुसरें व चौथें हीं दोन घरें शून्याचीं करावयाचीं: ११११०१०१. आणि आठहि घरांत शून्य लिहिलें तर तबकडी सर्व जगास मोकळी. अशा तबकडीस बाजारांत "शून्य विभागाची" म्हणतात. वस्तुतः शून्य नांवाचा विभागच नाहीं, तेथें फक्त कोणासच बंदी नाहीं.

यंत्रालाहि कारखान्यांतच एक विभाग-क्रमांक दिलेला असतो. तें आपल्या क्रमांकाचें घर पाहतें. तेथें शून्य दिसलें तर चित्रपट सुरू. एक दिसला तर पडद्यावर नकाराची सूचना. पूर्वीं गांवाच्या वेशीवर जकातनाकें असे, तेथील कारकून गाडींतला माल कोठला हें पाही. तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें कारकून वेशीवर नसून घेणाराच्या दिवाणखान्यांत, त्यानेंच पैसे देऊन आणलेल्या यंत्रांत बसलेला असतो. एवढ्या मोठ्या मजकुरांतलें हें एकच बाइट. पण चार अब्जांच्या वर बाइटांची सत्ता त्या एकाच्या हातीं.

येथें एक शंका सहज येते. यंत्र बनविणारानें हें घर पाहण्याचें नाकारलें तर? चित्रपट तर तबकडींत आहेच. या शंकेची सोय आधींच करून ठेवलेली होती. विकत मिळणाऱ्या बहुतेक व्यापारी चित्रपटांचा मजकूर सरळ लिहिलेला नसून तो सी.एस.एस. नांवाच्या पद्धतीनें गूढ केलेला असतो. किल्लीवांचून तो उलगडत नाहीं. ती किल्ली यंत्र बनविणारास करारनाम्यावर सही केल्यासच मिळते, आणि त्या करारनाम्यांतच अशी अट कीं यंत्रानें विभागाचें बंधन पाळलें पाहिजे. म्हणजे कुलूप एक, पण त्यास दोन दोर बांधलेले: चोरून प्रति काढण्यास आळा घालण्यासाठीं म्हणून जी किल्ली केली, तिच्याच बळावर व्यापाराचे विभागहि पाळून घेतले गेले. हे दोन हेतु भिन्न आहेत. चोरी अडविणें निराळें, आणि रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल तबकडी दुसऱ्या देशांत पाहूं न देणें निराळें.

संगणकांतील वाचनयंत्रांचा नियम तर अधिकच कडक झाला. १ जानेवारी २००० पासून पुढें बनलेल्या अशा यंत्रांत विभाग-क्रमांक यंत्राच्या स्वतःच्या स्मृतींतच कोरला जाऊं लागला. घेणारास तो बदलण्याची मुभा आहे, पण फक्त पांच वेळां. पांचव्या बदलानंतर जो क्रमांक राहील तो कायमचा. अमेरिकेंत शिकून परत आलेला कोणी तरुण तेथील तबकड्या पाहावयाच्या म्हणून पहिला विभाग लावतो, घरच्या मंडळींसाठीं पुन्हां पांचवा करतो, पुन्हां पहिला. अशी दोन-तीन वेळां ये-जा झाली कीं त्याची शिदोरी संपली. पुढें यंत्र बनविणाराकडे जाऊन ती मोजणी पुन्हां आरंभापासून करवून घ्यावी लागते, आणि तीहि फक्त चार वेळां.

या विषयांत एक घोटाळा नेहमीं होतो, तो येथें दूर केला पाहिजे. परदेशची तबकडी चालली नाहीं कीं दोष विभागाचाच असतो असें नाहीं. दूरचित्रवाणीच्या चित्ररचनेच्या दोन मुख्य पद्धति होत्या. अमेरिका व जपान येथें ५२५ रेषांची एन.टी.एस.सी. पद्धति, सेकंदास सुमारें ३० चित्रें. भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथें ६२५ रेषांची पाल पद्धति, सेकंदास २५ चित्रें. जपान आणि इंग्लंड एकाच दुसऱ्या विभागांत असूनहि त्यांच्या पद्धति भिन्न. पद्धतीचा भेद हा त्या त्या देशाच्या वीजप्रवाहाच्या व दूरचित्रवाणीच्या इतिहासांतून आलेला. त्यास कारण आहे, आणि पुष्कळ यंत्रें तो आपणहून सांधून घेतात. विभागाच्या भेदास असें कारण नाहीं. एक नदीच्या पात्रासारखा, दुसरा कुंपणासारखा. दोन्हीं ओलांडावींच लागतात, पण नदी कोणीं खोदलेली नसते.

कुंपण घालणें हें तबकडीस आवश्यक नव्हतें, याचा पुरावा आपल्याच देशांत मिळतो. हिंदी चित्रपटांच्या कित्येक प्रकाशकांनीं आपल्या तबकड्या आठहि घरें शून्याचीं ठेवून, आणि भारतांत पाल पद्धति असतांहि एन.टी.एस.सी. पद्धतींत काढल्या. कारण उघड आहे. त्यांचा प्रेक्षक एका मुलखांत राहणारा नव्हता. तो न्यू जर्सींत होता, लंडनांत होता, दुबईंत होता, आणि ठाण्यांतहि होता. घर सोडून दूर गेलेल्या माणसास मायबोलीचा चित्रपट हवा असतो. त्याच्या वाटेंत नाकें उभारून प्रकाशकाचा कांहींच लाभ नव्हता. तेंच यंत्र, तीच तबकडी, तींच आठ घरें; एकानें त्यांत बंदी लिहिली, दुसऱ्यानें मोकळीक.

जेथें कुंपण तेथें वाट, हाहि जगाचा अनुभव. लवकरच अशीं यंत्रें विक्रीस आलीं कीं ज्यांचा क्रमांक दूरनियंत्रकाच्या कांहीं ठराविक कळा दाबून बदलतां येई. कारखान्यास एकच यंत्र सर्व देशांसाठीं बनवावयाचें असल्यामुळें ही सोय आंत ठेवलेली असे, आणि ती फार दिवस गुप्त राहिली नाहीं. यावर निर्मात्यांनीं २००० सालीं प्रत्युपाय काढला. "द पेट्रिअट" या चित्रपटापासून कांहीं तबकड्या स्वतःच उलट यंत्रास क्रमांक विचारूं लागल्या, आणि 'मी सर्वच विभागांचा' असें उत्तर देणाऱ्या यंत्रास नाकारूं लागल्या. त्यावर लोकांनीं यंत्राचा क्रमांक तेवढ्यापुरता 'एक' करून ठेवण्याची युक्ति काढली. शेवटीं हा खेळ दमून थांबावा तसा थांबला.

न्यायालयें आणि कायदेमंडळें यांपुढेंहि हा प्रश्न गेला. १९९९ सालीं सी.एस.एस. चें कुलूप उलगडणारा एक संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध झाला. त्याबद्दल नॉर्वेंतील योन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला. २००३ सालीं दोन न्यायालयांनीं त्यास निर्दोष ठरविलें; आपण रीतसर विकत घेतलेल्या तबकडींतील चित्रपट पाहण्याचा हक्क घेणारास आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती. ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं व न्यूझीलंडनें २००८ सालीं आपल्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत स्पष्ट केलें कीं कुलूप तोडण्यावरील बंदीचें संरक्षण केवळ पेठा विभागण्यासाठीं घातलेल्या बंधनास मिळावयाचें नाहीं. भारताच्या कायद्यांत २०१२ सालीं जें कलम आलें त्यांतहि, स्वामित्वाचा भंग करण्याच्या हेतूनें कुलूप तोडणें हा गुन्हा म्हटला आहे. हेतु हा शब्द तेथें महत्त्वाचा. आणि २०१३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एका थाई विद्यार्थ्याच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं परदेशांत छापलेलें व तेथें रीतसर घेतलेलें क्रमिक पुस्तक अमेरिकेंत पुन्हां विकण्यास मूळ प्रकाशकाची परवानगी लागत नाहीं. पुस्तकास असा न्याय मिळाला. पण पुस्तकांत कारकून बसलेला नसतो. तबकडींत तो असतो, आणि त्यास निकालपत्र वाचतां येत नाहीं.

काळाच्या ओघांत कुंपणाचें कारणच क्षीण झालें. मोठे चित्रपट बहुतेक देशांत जवळजवळ एकाच वेळीं लागूं लागले. डी.व्ही.डी. नंतरच्या ब्लू-रे तबकडींत विभाग सहांचे तीन झाले, ए, बी आणि सी, व भारताची गणना तिसऱ्यांत झाली. २०१६ सालीं आलेल्या अल्ट्रा एच.डी. ब्लू-रे तबकडींत तर विभाग-पद्धतीच ठेवलेली नाहीं. ज्यासाठीं एवढा खटाटोप केला तें वीस वर्षांत अनावश्यक ठरलें.

तथापि कुंपण गेलें असें मात्र नाहीं. तें तबकडीवरून उठून तारेंत गेलें. आतां चित्रपट आंतरजालावरून घरीं येतो, आणि पाहणारा कोणत्या देशांतून मागणी करीत आहे हें पाठविणाराचें यंत्र त्याच्या जालावरील पत्त्यावरून ताडतें. एका देशांत दिसणारा चित्रपट दुसऱ्यांत दिसत नाहीं. युरोपीय संघानें १ एप्रिल २०१८ पासून असा नियम लागूं केला कीं वर्गणी भरणारा मनुष्य संघांतील दुसऱ्या देशांत तात्पुरता गेला तरी त्यास आपल्या घरचा संग्रह पाहतां आला पाहिजे. पण हा नियम तेवढ्या संघापुरता. शिवाय एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. तबकडी नाकारीत असली तरी ती घरांत, कपाटांत होती. यंत्र बदललें तर बोलण्याची आशा होती. वर्गणीच्या चित्रपटांत घेणाराच्या हातीं कांहींच राहत नाहीं. ज्या नेटफ्लिक्स कंपनीनें टपालानें तबकड्या भाड्यानें देऊन धंद्यास आरंभ केला, तिनेंच तो व्यवहार सप्टेंबर २०२३ मध्यें बंद केला.

म्हणून हा विषय जुन्या यंत्राचा असला तरी जुना नव्हे. परदेशीं जन्म काढून परतलेल्या अनेक कुटुंबांच्या कपाटांत अशा तबकड्यांच्या चळती आहेत. मुलांनीं लहानपणीं पाहिलेले चित्रपट त्यांत आहेत, आणि त्यांतले कित्येक दुसरीकडे सहज मिळावयाचे नाहींत. ज्यांच्याजवळ अशा तबकड्या असतील त्यांनीं वेष्टनाच्या पाठीवर पाहावें. पृथ्वीगोलाच्या लहानशा चित्रांत विभागाचा आंकडा छापलेला असतो. ज्या यंत्रावर त्या चालतात तें यंत्र अडगळ समजून भंगारांत देऊं नये. संगणकावर पाहावयाचें असल्यास पांच बदलांचा हिशेब ठेवून, एकच विभाग नेमून मग तो हलवूं नये. आणि नवी वस्तु घेतांना किंमतीबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदारास विचारण्याची संवय ठेवावी: ही वस्तु घरीं नेल्यावर तिचा मालक कोण?

व्यापाऱ्यानें आपला माल कोणत्या पेठेंत न्यावा, कोणत्या भावानें विकावा, हें ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि त्याविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु विक्री होऊन पैसे चुकते झाल्यावर त्या अधिकाराची हद्द संपते. तेथून घेणाराचा अधिकार सुरू होतो. आठ घरांच्या त्या ओळीनें ही हद्द कोणास न विचारतां घेणाराच्या उंबरठ्याच्या आंत सरकविली. तबकड्यांचे दिवस सरत आले तरी ती हद्द कोठें असावी हा प्रश्न नव्या वस्तूबरोबर नव्यानें येतच राहील, आणि त्याचें उत्तर घेणारानें स्वतः मागितल्यावांचून त्यास कोणी देणार नाहीं.